राजपथाचं जैसलमेर करू नका

शनिवारपेठकर

गेले काही दिवस साताऱ्यातल्या सगळ्या गटांवर एक पोस्ट फिरते आहे. "जैसलमेर बघून आले आणि साताऱ्याची लाज वाटली" अशी तिची सुरुवात. पुढे मागण्या आहेत: पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंतच्या राजपथावर गाड्या बंद करा, दुकानांच्या पाट्या एका रंगात आणा, फळवाल्या आणि भाजीवाल्या बायकांना दुसरीकडे बसवा, राजवाड्यासमोरची चौपाटी हलवा, पेठांमध्ये उरलेल्या वाड्यांची हवेलीसारखी हॉटेलं करा, संध्याकाळी चौकात लोककलावंत बसवा. खाली "एकदम बरोबर" म्हणणाऱ्यांची रांग आहे. मला ही पोस्ट वाचून राग आला, म्हणून सविस्तर लिहितो.

जैसलमेर मीही पाहिलंय. नव्वदच्या दशकात आणि आता परवाच्या डिसेंबरात. पहिल्यांदा गेलो तेव्हा किल्ल्याखालच्या माणक चौकात आसपासच्या ढाण्यांवरून, म्हणजे छोट्या वस्त्यांवरून, आलेली माणसं दिसायची. मेथीदाणा, सांगरी, फेट्याचं कापड, उंटाच्या गाडीचं सामान यांची खरेदी चालायची. वर दशहरा चौकात पोरं खेळायची, बायका ओट्यावर धान्य निवडायच्या. ११५६ साली वसलेला हा किल्ला. आत अजूनही वस्ती असलेले किल्ले या देशात किती उरलेत? २०१३ साली राजस्थानच्या सहा किल्ल्यांना युनेस्कोचा दर्जा मिळाला, त्यातही जैसलमेरचं वेगळेपण हेच होतं.

आता अखै पोलमधून (पोल म्हणजे दरवाजा) आत शिरलं की थेट हवा पोलपर्यंत कातडी पिशव्या, आरशांच्या चादरी आणि कठपुतळ्या. घराघरावर गच्चीतल्या हॉटेलाची पाटी. पास्ता मिळतो, पिझ्झा मिळतो. वहीचा कागद मिळेना, माझ्या भाच्याला दुखण्याची गोळी मिळेना, त्यासाठी खाली उतरावं लागलं. ज्या गावात राहणाऱ्याला गोळीसाठी दरवाजाबाहेर जावं लागतं, ते गाव कुणासाठी उरलंय?

आणि पाण्याचं काय झालं ते ऐका. वर्षाला जेमतेम दीडशे-दोनशे मिलिमीटर पाऊस पडणारा मुलूख. पूर्वी गडीसर तलावावरून बायका घडे वाहून आणायच्या, तेव्हा एक थेंब सांडायचा नाही. मग नळ आले, खोल्याखोल्यांत न्हाणीघरं आली, सांडपाण्याच्या नळ्या गळू लागल्या. किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे तिच्यात वालुकाश्माखाली मऊ मातीचे थर आहेत. त्यांत पाणी मुरलं आणि बुरूज ढासळायला लागले. नव्व्याण्णव बुरुजांच्या या किल्ल्याला तोफांनी केलं नाही ते सांडपाण्यानं केलं. १९९६ साली जगातल्या संकटग्रस्त वास्तूंच्या यादीत त्याचं नाव आलं ते याच कारणानं.

आता कमानी हौदापासून मोती चौकापर्यंत चालत जा आणि काय काय मिळतं ते बघा. शाळेचा गणवेश, तांब्याचा बंब, चष्मा, लग्नाचा शालू, दहाव्याचं सामान, कंदी पेढे. पेढे पर्यटकही नेतो, पण निम्मे तरी साताऱ्याच्याच घरांतल्या बारशाला आणि पास झालेल्या पोरांना जातात. परळी खोऱ्यातला, मेढ्याचा, कोरेगावचा माणूस एसटीनं येतो, कामं उरकतो, चौपाटीवर भेळ खातो आणि शेवटच्या गाडीनं परत जातो. ही गर्दी हलवायची म्हणता? मग राजपथावर उरेल काय?

किल्लेकरी

पोस्ट माझी आहे. नाव न घेता लिहिलंत तरी उत्तर मीच देणार.

तुम्हाला नव्वदच्या दशकातलं जैसलमेर आवडलं, कारण तुम्हाला तिथं राहायचं नव्हतं. त्या गावाचं सगळं वैभव सिंधकडे जाणाऱ्या तांड्यांवर होतं. मुंबई बंदर मोठं झालं तेव्हा अर्धा व्यापार गेला, १९४७ ला सीमा आखली गेली तेव्हा उरलेला गेला. पटव्यांच्या हवेल्या बांधणारी घराणी कधीच गाव सोडून गेली होती. ६५ आणि ७१ च्या लढायांत तर ते सीमेवरचं, विसरलेलं ठाणं होतं. त्या गावाला पुन्हा पोटापाण्याला लावलं ते पर्यटनानंच. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्या बाई म्हणाल्या, "पूर्वी मुलगे सुरतेला जायचे, आता घरी आहेत." हे तुम्ही ऐकलं नाहीत, कारण तुम्ही गोळी शोधत होतात.

पाण्याचा दोष पर्यटकावर ढकलून मोकळं होता येत नाही. नळ आले ते रहिवाशांनाही हवेच होते. घडे डोक्यावर वाहणाऱ्या बाईला विचारा तिला ते दिवस परत हवेत का. गटारांचं काम नीट झालं नाही, त्याला बाहेरून आलेला माणूस काय करणार?

आता राजपथ. माझी आई एकाहत्तर वर्षांची. मोती चौकात तिला मागून दुचाकीनं धडक दिली, मनगट मोडलं. पदपथ नावाची गोष्ट तिथं नाही. जी आहे ती दुकानांच्या पायऱ्यांनी आणि लावलेल्या गाड्यांनी भरलेली. तेव्हापासून ती बाजारात गेलेली नाही. तुमच्या त्या जिवंत गर्दीत माझ्या आईला जागा नाही. जैसलमेरच्या गल्ल्यांतही दुचाकी घुसतात, हे मान्य. पण पटव्यांच्या हवेलीसमोर आई निवांत ओट्यावर बसली होती, आणि स्वतःच्या गावात तिला बसता येत नाही, याची मला लाज वाटली. पुन्हा लिहीन.

विट्याचा गलाईवाला

दोघांचं वाचलं. मी मूळचा खानापूर तालुक्यातला. आमच्याकडची हजारो घरं सोन्याचांदीच्या गलाईवर, म्हणजे सोनंचांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यावर, देशभर पसरली आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. माझं बालपण जोधपूरला घंटाघरामागच्या गल्लीत गेलं, चुलत्यांची भट्टी होती. जैसलमेरच्या सराफांचाही माल यायचा.

आमच्या धंद्यातून गाव कसं दिसतं ते सांगतो. लग्नसराईच्या आधी खेड्यातली माणसं येणार. आजीची जुनी चांदीची कडी, हासडी, तोडे मोडणार, टंच (शुद्धता) काढून घेणार, नवं घडवणार. म्हणजे सराफाकडं काम, सराफामुळं आम्हाला काम, आमच्यामुळं कोळसेवाल्याला आणि मूस (धातू वितळवायचं भांडं) विकणाऱ्याला काम. पर्यटक कधीही जुनं सोनं मोडायला येत नाही. तो पितळेवर पॉलिश मारलेले झुमके घेतो. जुन्या शहरातल्या दुकानांनी हळूहळू तेच ठेवायला सुरुवात केली, कारण त्यात नफा जास्त आणि उधारी नाही. मग खेड्यातला माणूस बाहेरच्या नव्या बाजारात जायला लागला. भट्टीही तिकडंच गेली. कुणी कुणाला हाकललं नाही. जागेचं भाडं वाढलं आणि ज्याचा नफा जास्त तो राहिला.

पण किल्लेकरी ताईंचंही एक ऐका. जोधपूरला तूरजीका झालरा म्हणून बारव आहे. आमच्या लहानपणी तिच्यात घाण पाणी आणि कचरा, आई तिकडं फिरकू द्यायची नाही. आता ती साफ झाली, पायऱ्या दिसतात, उन्हाळ्यात पोरं उड्या मारतात. भोवती कॅफे आहेत आणि तिथला चहा मला परवडत नाही. तरी बारव परत मिळाली ती कुणाचा तरी पैसा आला म्हणूनच. पैसा आला की काय जातं आणि काय परत येतं, दोन्ही मांडा.

यादोगोपाळ पेठ

वाड्यांची हॉटेलं करा म्हणणं सोपं आहे. माझा वाडा आहे, दोन चौकी, सागवानी खांब. मला स्वतःला तो पाडायचा नाही. पण त्यातल्या सहा खोल्या भाडेकरूंनी अडवल्यात. एक बिऱ्हाड महिना चाळीस रुपये देत होतं. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवून ठेवलं, ते आमच्या आजोबांपासून आम्ही भोगतोय. १९९९ चा नवा कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्यात वर्षाला चार टक्के वाढ. चाळीस रुपयांवर चार टक्क्यांनी पंचवीस वर्षं वाढवलं तरी शंभर-सव्वाशेच्या आत. एक कौल बदलायला किती लागतात ते विचारा. गवंडी सांगतो त्या मजुरीत महिन्याचं भाडं एका दुपारी संपतं.

जैसलमेरला घराचा मालक स्वतः घरात आहे, म्हणून तो चार खोल्या सजवून भाड्यानं देऊ शकतो. इथं मालकाचं घर मालकाच्या हातात नाही. साताऱ्यातले वाडे पडले ते या कायद्यानं आणि भाडेकरूंनी. पर्यटनाशी त्याचा काही संबंध नाही.

बुधवारातली सून

भाडेकरूंनी पाडले? आम्ही भाडेकरू आहोत, वाड्याचं नाव सांगत नाही. माझ्या सासऱ्यांनी ती जागा घेतली तेव्हा पागडी दिली होती, तिचा उल्लेख कुठल्याच पावतीवर नाही. दोन खोल्या, सामायिक संडास मागच्या बोळात. पावसाळ्यात भिंतीला हात लावला तर माती हातात येते. मालकांना आम्ही म्हटलं, कौलं आमच्या खर्चानं बदलतो. लेखी परवानगी दिली नाही, कारण भिंत पडली तर जागा आपोआप मोकळी होते. पुढे त्यांनी भाडं घेणंच बंद केलं. आम्ही मनीऑर्डरनं पाठवायचो, ती परत यायची. त्या परत आलेल्या पावत्या सासूबाईंनी ट्रंकेत जपून ठेवल्या आहेत, कारण उद्या कोर्टात "भाडं थकलं" म्हणतील.

आणि त्या वाड्यात कोण राहतं? शिकवण्या घेणारी एक बाई, एक शिंपी, एक निवृत्त कंपाउंडर आणि आम्ही. तुम्ही राजपथाच्या जिवंतपणाबद्दल लिहिता, तो जिवंतपणा रात्री या खोल्यांत झोपतो. आम्हाला बाहेर काढून तिथं झरोखा बसवणार आणि त्याला वारसा म्हणणार.

यादोगोपाळ पेठ

ताई, सगळे मालक तसले नसतात. मी दोन भाडेकरूंना स्वतःच्या खिशातून पैसे देऊन करंजे भागात घरं बघून दिली. त्यातल्या एकानं पैसे घेतले, घर घेतलं आणि वाड्यातल्या खोलीला कुलूप लावून ठेवलं. किल्ली अजून देत नाही. तुमची ट्रंक आहे तशी माझ्याकडे फाईल आहे.

बुधवारातली सून

एकानं तसं केलं म्हणून आम्ही सगळ्यांनी पाडले असं तुम्ही वर लिहिलंय. ते वाक्य मागे घ्या, मग बोलू.

यादोगोपाळ पेठ

वाक्य तिथंच राहील. "सगळ्यांनी" असं मी लिहिलेलं नाही.

माणदेशी

वाडे वाडे काय चाललंय. वाळवंट म्हणता म्हणता पाण्याचा विषय आला आणि गेलासुद्धा. माझ्या गावाला उन्हाळ्यात टँकर यायचा, बादलीला नंबर लागायचा. जैसलमेरच्या सम भागात वाळूवर जे तंबू आहेत, त्यांत प्रत्येकाला जोडून न्हाणीघर. ते पाणी कुठून येतं हे तिथं गेलेल्या एकानंही विचारलेलं नाही. आणि उंटाची सवारी करून फोटो टाकणाऱ्यांनी हेही बघावं: २०१२ च्या पशुगणनेत देशात चार लाख उंट होते, २०१९ ला अडीच लाख राहिले. २०१४ ला राजस्थाननं उंटाला राज्यपशू केलं, २०१५ ला कायदा करून बाहेर नेण्यावर बंदी आणली, त्यानं भाव पडले. उंट पाळणाऱ्या राईका समाजाचा माणूस उंट सोडून द्यायला लागला. फोटोत उंट आहे, राईका दिसत नाही. आमच्याकडच्या मेंढपाळांचं उद्या हेच होणार.

कापडपेठ, सांगली

सातारकरांनो, तुमची पेठ जिवंत आहे म्हणून तुम्हाला हे वाद परवडतात. सांगलीला पर्यटक नावाला नाही, गणपती मंदिर बघून माणूस अर्ध्या तासात पुढं जातो. तरीही आमची पेठ बदललीच की. २००५ ला पाणी आलं, २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, २०२१ ला परत. इशारा पातळी ओलांडली की आम्ही ठाण वरच्या मजल्यावर चढवायचो. २०१९ ला वरचा मजलाही ओला झाला. माझ्या दुकानातल्या पैठण्या चिखलातून काढून धुतल्या आणि तागाच्या भावानं विकल्या. हरभट रोडवरचे कितीतरी जण विश्रामबागेकडं गेले. तिकडं पार्किंग आहे, काचेची दारं आहेत, गिऱ्हाईक पण तिकडंच.

म्हणून शनिवारपेठकरांना म्हणतो, जुनी पेठ पर्यटक मारतो असं नाही. पूर मारतो, पार्किंग मारतं, पोरांची दुकानात बसायची इच्छा नसणं मारतं. माझा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. कुणी पर्यटक म्हणून तरी आला असता तर मी झरोखासुद्धा बसवला असता.

महाबळेश्वरची

मग आमच्याकडे या आणि बघा. जन्म इथला, शाळा इथली. बाजारपेठेत चप्पल, चणे, चिक्की, जॅम, टोप्या, मक्याचं पॅटिस. एवढ्यातच रस्ता संपतो. हंगामात आम्ही बाजारात पाय ठेवत नाही, गाडीची रांग वेण्णा तलावापर्यंत जाते. लग्नाचा बस्ता बांधायचा तर वाई किंवा सातारा गाठायचा. म्हणजे शनिवारपेठकर म्हणतात तो राजपथ आमचासुद्धा बाजार आहे. तो पर्यटकांना दिलात तर आम्ही पुढे कुठं जायचं, पुण्याला?

पण उलट बाजूही लिहिते, नाहीतर खोटं होईल. माझे वडील स्ट्रॉबेरीच्या शेतावर मजुरीला जायचे. घराच्या दोन खोल्या हंगामात भाड्यानं द्यायला लागलो तेव्हा माझं नर्सिंगचं शिक्षण झालं. म्हणून पर्यटकाला शिव्या देणं मला जमत नाही. मला फक्त औषधाचं आणि वहीचं दुकान बाजारात हवंय, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत बाजार उघडा हवाय. त्या महिन्यांत निम्मी शटर बंद असतात, कारण विकायला जे आहे ते आम्हाला नकोच असतं.

शनिवारपेठकर

महाबळेश्वरच्या ताईंनी माझं म्हणणं माझ्यापेक्षा नेमकं मांडलं. सांगलीच्या दादांना एवढंच: पुरानं आणि पार्किंगनं पेठ रिकामी होते हे खरं, पण रिकामी झालेली जागा कोण घेतो हा पुढचा प्रश्न आहे. जैसलमेरला ती हॉटेलानं घेतली. तुमच्याकडं कुणीच घेतली नाही. साताऱ्यात अजून राहणारी माणसं आहेत तोवर ती टिकवायची व्यवस्था करावी, एवढीच माझी मागणी आहे. वाड्यांचा कायदा हा त्यातलाच भाग आहे. मालकाला दुरुस्तीचा पैसा आणि भाडेकरूला लेखी हक्क, दोन्ही एकदम मिळाल्याशिवाय एकही वाडा वाचणार नाही. झरोखे नंतर बघू.

किल्लेकरी ताईंच्या आईंबद्दल वाईट वाटलं. पदपथ मोकळा हवा, यावर माझा त्यांच्याशी वाद नाही. पण त्यासाठी टोपली घेऊन बसलेल्या बाईला उठवायचं आणि तिच्यामागच्या चारचाकीला राहू द्यायचं, हे मला मान्य नाही.

किल्लेकरी

टोपलीवाल्यांची ओळ पोस्टमधून काढते. महाबळेश्वरच्या ताईंमुळे काढते, तुमच्यामुळे नाही. चौपाटीची ओळही काढते, कारण आई म्हणाली की तिला तिथली भेळ हवी आहे.

गाड्यांची ओळ राहणार. मोती चौक ते राजवाडा, संध्याकाळी पाच ते नऊ, पायी चालणाऱ्यांसाठी. त्यात पर्यटकाचा प्रश्न येतोच कुठे? दुकानदार म्हणतील गिऱ्हाईक तुटेल. परळीचा माणूस एसटीनं येतो असं तुम्हीच लिहिलंत. तो तर चालतच फिरतो.

शनिवारपेठकर

चार तासांना माझी हरकत नाही. आधी खालच्या रस्त्यावर गाड्या लावायची सोय करा, नाहीतर सगळी कोंडी आमच्या पेठेच्या बोळांत शिरेल. हे लिहून घेतल्याशिवाय मी या मागणीवर सही करणार नाही.

यादोगोपाळ पेठ

बोळात आधीच शिरलीय. माझ्या दिंडी दरवाजासमोर रोज एक पांढरी गाडी असते.

कापडपेठ, सांगली

एक विचारू का? फेब्रुवारीत वाळवंट महोत्सवाच्या सुमारास मी आणि मिसेस जैसलमेरला चाललोय. एवढं वाचल्यावर कळेना, किल्ल्यात उतरू की खाली?

शनिवारपेठकर

खाली. किल्ल्यात वापरलेलं पाणी बुरुजाखालीच मुरतं.

किल्लेकरी

किल्ल्यात. आत जी कुटुंबं उरली आहेत ती खोल्या देऊनच उरली आहेत. तेही बंद झालं तर तुम्हाला हवा तो ओस किल्ला मिळेल, तिकीट काढून बघायचा.

विट्याचा गलाईवाला

दादा, बुकिंगच्या आधी फोन करून विचारा की मालक स्वतः त्या घरात राहतो का, आणि घर त्याचं आहे की भाडेपट्ट्यावर घेतलंय. स्वतःचं असेल, म्हातारी माणसं घरात असतील, तर किल्ल्यात उतरा आणि बादलीनं अंघोळ करा. बाहेरच्या माणसानं चालवायला घेतलं असेल तर खाली राहा. घोटुवां लाडू मात्र तिथल्या जुन्या हलवायाकडूनच घ्या, हॉटेलात घेऊ नका. आणि वहिनींना चांदी घ्यायची असेल तर घेण्याआधी मला वजन आणि भाव कळवा.

कापडपेठ, सांगली

कळवतो. आजच फोन करून विचारतो.